विरूढ धान्ये : अर्धा संस्कार आणि पूर्ण संस्कार

मोड आलेली कडधान्ये महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला नवी नाहीत. मटकीची उसळ, डाळिंब्या, हुलग्याचे कळण, मेथीच्या मोडांची भाजी, नाचणीचे सत्त्व हे सर्व पदार्थ आपल्या आजी-पणजींच्या हातचे आहेत. नवे आहे ते त्यांचे रूप. गेल्या काही वर्षांत पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या उद्योगपट्ट्यात सकाळी उद्यानांच्या फाटकांपाशी, व्यायामशाळांबाहेर आणि कारखान्यांच्या रस्त्यांवर कच्च्या मोडांच्या हातगाड्या दिसू लागल्या आहेत. द्रोणात भरलेले मूग व मटकी, वर चिरलेला कांदा, चाट मसाला व लिंबू असा हा आहार 'सर्वांसाठी, सर्वकाळ आरोग्यदायी' म्हणून खाल्ला जातो. मधुमेही तो खातो, गर्भिणी तो खाते, वजन उतरवू इच्छिणारा तरुण रात्रीच्या जेवणाऐवजी तोच खातो.

अशा रुग्णांना काय सांगावे, याबाबत आपल्या व्यवसायबंधूंमध्ये दोन टोके आढळतात. काही वैद्य संहितेचा आधार घेऊन विरूढ धान्य सरसकट वर्ज्य करतात. काही वैद्य आधुनिक आहारशास्त्राच्या प्रभावाने ते सरसकट लिहून देतात. आमच्या मते ही दोन्ही टोके रुग्णहिताची नाहीत. बीज भिजवून त्यास मोड आणणे हा संस्काराचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध अग्नीचा, स्नेहाचा व दीपन द्रव्यांचा आहे. पूर्वार्धावर थांबल्यास संहितेत सांगितलेले दोष दिसतात, उत्तरार्ध पूर्ण केल्यास आधुनिक शास्त्राने सांगितलेले गुण पदरी पडतात. प्रस्तुत लेखात याच भूमिकेची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

संहितांची भूमिका

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात नवे धान्य अभिष्यंदी, एक वर्ष जुने धान्य लघु आणि विरूढ धान्य विदाही, गुरु, विष्टंभी व दृष्टीस दूषित करणारे सांगितले आहे. चरकाचार्यांनी विरूढधानांची गणना गुरु भक्ष्यांमध्ये केली आहे. विरुद्ध आहाराच्या प्रकरणात ग्राम्य, आनूप व औदक मांस विरूढ धान्यासह एकत्र खाऊ नये, असाही निर्देश आहे. वाग्भटाचार्यांनीही आनूप मांसासंबंधी हाच संयोग विरुद्ध मानला आहे. म्हणजे प्राचीन आचार्यांना विरूढ धान्य ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ते त्यांना चांगले ठाऊक होते, आणि त्यांनी त्याबद्दल सावध केले आहे.

मात्र त्याच चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत : प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यातील करण म्हणजे संस्कार, आणि संस्कार म्हणजे द्रव्याच्या गुणांत पालट घडवणे. जलसंयोग, अग्निसंयोग, शौच, मंथन, देश, काल, भावना इत्यादींनी हा पालट घडतो. विरूढ धान्यावर जल व काल यांचा संस्कार झालेला असतो, अग्नीचा झालेला नसतो. अग्निसंस्काराविना राहिलेले धान्य गुरु व विष्टंभी ठरावे, यात आश्चर्य ते काय? दृष्टिदूषणाचा निर्देश आम्ही विदाही आहाराच्या नित्य व अतिसेवनाच्या अर्थाने घेतो. ज्या द्रव्याने पित्त प्रकुपित होते, त्याच्या अतिसेवनात आलोचक पित्ताचा विचार क्रमप्राप्तच आहे.

मूळ द्रव्याची प्रकृतीही येथे विसरता येत नाही. शमीधान्यांत मूग सर्वांत पथ्यकर आणि उडीद सर्वांत अपथ्यकर, असे चरकाचार्य सांगतात. मुगाला मोड आले आणि वालाला मोड आले, तर दोन्ही एकाच गुणाची होत नाहीत. मोड येण्याने मुगाचे लाघव काहीसे कमी-अधिक होईल, परंतु वालाचा मूग होणार नाही.

बीजात काय घडते?

कोरडे बीज हे निद्रिस्त असते. रोपाला लागणारे फॉस्फरस, लोह, जस्त ही खनिजे त्यात फायटिक आम्लाशी बांधून ठेवलेली असतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने साठ्याच्या रूपात असतात. पाणी मिळताच बीजातील एन्झाइमे जागी होतात. फायटेज हे एन्झाइम फायटिक आम्ल तोडू लागते, त्यामुळे लोह व जस्त यांच्या शोषणातील अडथळा कमी होतो. पोटात वायू धरण्यास कारण ठरणाऱ्या रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा घटतात. त्यांचा काही भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी टाकून द्यावे. ट्रिप्सिनच्या कार्यात अडथळा आणणारे घटकही काही प्रमाणात कमी होतात. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना नव्याने तयार होते.

या शेवटच्या गोष्टीचा इतिहास भारतीयांशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या भारतीय सैनिकांमध्ये स्कर्व्हीचा मोठा प्रादुर्भाव झाला. ताजी भाजी व फळे तेथे पोहोचत नव्हती, डाळी मात्र होत्या. त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले की, कोरड्या डाळीत स्कर्व्हीवर गुण नाही, परंतु तीच भिजवून मोड आणल्यास गुण येतो. १९१८ मध्ये हॅरॉल्ड विल्टशायर या डॉक्टरांनी सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याची लिंबाच्या रसाशी तुलना प्रसिद्ध केली आणि घेवड्याचा गुण चांगला आढळला. मोडांचे महत्त्व सांगणारा हा पुरावा म्हणून आजही भक्कम आहे.

तथापि मोडांविषयी काही समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. कोरड्या मुगात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ते १०० ग्रॅम मूग मोड आल्यावर पाणी शोषून २०० ते २५० ग्रॅम होतात. म्हणजे १०० ग्रॅम मोडांत सुमारे १० ग्रॅमच प्रथिने येतात. वाटीभर मोड खाऊन कोरड्या मुगाच्या आकड्यांवर हिशेब करणाऱ्या तरुणांना हे साधे गणित समजावून सांगावे लागते. दुसरे असे की, ब१२ जीवनसत्त्व कोणत्याही मोडात नसते. याचा विचार पुढे केला आहे.

कच्च्या मोडांचा धोका

ज्या उबेत व ओलाव्यात मोड फुटतो, त्याच उबेत व ओलाव्यात जंतूही वाढतात. बीजाच्या सालीवरील सूक्ष्म भेगेत शिरलेला जंतू वरवरच्या धुण्याने निघत नाही, आणि दोन दिवसांत त्याची संख्या अफाट होते. १९९६ मध्ये जपानमधील साकाई शहरात हजारो शाळकरी मुले ई. कोलाय जंतूच्या संसर्गाने आजारी पडली, तेव्हा तपासाचा रोख मुळ्याच्या मोडांकडे वळला होता. २०११ मध्ये जर्मनीत अशाच साथीत सुमारे ३,८०० जण आजारी झाले, पन्नासहून अधिक दगावले आणि आठशेंहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला. त्या साथीचा माग काढता काढता तपास पोहोचला तो मेथीच्या बियांपर्यंत. जी मेथी आपल्या घरोघरी आहे, तीच! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच बालके, वृद्ध आणि दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्तींनी कच्चे मोड टाळावेत, असा इशारा दिला होता. आज गर्भिणींनाही तोच सल्ला दिला जातो.

हे दाखले परदेशांतील असले तरी त्यांचे कारण आपल्या दारातही आहे. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. पहाटे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले ओले मोड हातगाडीवर दुपारपर्यंत राहतात. शीतकपाटात ठेवल्याने जंतूंची वाढ मंदावते, पण ते नष्ट होत नाहीत. त्यांचा नाश अग्नीच करतो. संहितेतील अग्निसंस्काराचा आग्रह आणि आधुनिक जंतुशास्त्राचा इशारा येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

उद्योगपट्ट्यातील रुग्ण

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या रूपाने सुरू झालेला औद्योगिक विस्तार पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरीमार्गे खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कामगार येथे तीन पाळ्यांत राबतो. त्याच्या जेवणाची वेळ आठवड्यागणिक बदलते. देश आणि काल ही दोन आयतने येथे अन्यत्राहून निराळी आहेत, हे ध्यानात ठेवूनच आहार लिहावा लागतो.

रात्रजागरण रूक्ष आहे, असे चरकाचार्य सांगतात. रात्रपाळी करणाऱ्याच्या शरीरात वात आधीच वाढलेला असतो व अग्नी विषम झालेला असतो. अशा व्यक्तीने मध्यरात्री कच्चे, थंड, रूक्ष मोड खाल्ले, तर त्याचे फलित वैद्याला निराळे सांगायला नको. आमच्या चिकित्सालयात हा नमुना वारंवार दिसतो. तिशीच्या आसपासचा कामगार, वाढलेले वजन कमी करण्याच्या निश्चयाने रात्रीचा डबा बंद करून कच्चे मोड सुरू केलेले, आणि महिना-दीड महिन्यात आध्मान, विबंध, आम्लोद्गार व शिरःशूल घेऊन आलेला. अशा रुग्णास मोड बंद करण्यास सांगितले की तो नाराज होतो, कारण त्याने एक चांगली गोष्ट म्हणून ते स्वीकारलेले असतात. आम्ही मोड बंद करीत नाही, त्यांचे रूप व वेळ बदलतो. मध्यरात्री मोड आलेल्या मुगाचे आले-जिरे-सैंधवयुक्त उष्ण यूष व सोबत भाकरी, आणि मोडांची शिजलेली उसळ दिवसाच्या मुख्य जेवणात. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो व औषध अल्प लागते.

पाळी सुटल्यावर टपरीवर मिसळ-पाव आणि त्यावर लगेच चहा, ही या पट्ट्याची दुसरी सवय. मिसळीतली मटकी शिजलेली असते हे खरे. परंतु तर्री विदाही, फरसाण तळलेले आणि पाव मैद्याचा. त्यावर घेतलेल्या चहातील टॅनिन मटकीतील लोह बांधून टाकते. म्हणजे मोड आणून जे मोकळे केले, ते चहाने पुन्हा कुलूपबंद होते. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा, एवढी एकच सूचना पाळली गेली तरी लाभ होतो.

स्त्री कामगारांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. घरचा स्वयंपाक उरकून पहिली पाळी गाठणाऱ्या स्त्रीचा सकाळचा आहार बहुधा चहा-बिस्किटांचा असतो. तिच्यासाठी मोड आलेल्या मटकीची वा मसुराची उसळ हा स्वस्त व हाताशी असलेला उपाय आहे. परंतु तो चिकित्सेला पर्याय नाही. व्यक्त पांडुरोगात हिमोग्लोबिनची तपासणी, नवायस लोह, पुनर्नवा मंडूर यांसारखे कल्प आणि आवश्यक तेथे आधुनिक लोहचिकित्सा यांना टाळून केवळ उसळीवर भिस्त ठेवणे योग्य नव्हे.

येथेच ब१२ चा मुद्दा येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब१२ कमी आढळले, आणि मध्यमवर्गीयांत हे प्रमाण सर्वाधिक होते. शाकाहारी रुग्ण मोड, फळे, पालेभाज्या सर्व खात असूनही थकवा, हातापायांस मुंग्या अशी लक्षणे सांगत असेल, तर मोडांची वाटी वाढवून उपयोग नाही. दूध, दही, ताक यांचे प्रमाण पाहावे, ब१२ तपासावे आणि कमी असल्यास ते द्यावे.

संस्कार पूर्ण करण्याचा विधी

निवड : बीज स्वच्छ, कीडरहित व साधारण एक वर्ष जुने असावे. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे कदापि वापरू नये. मूग नित्यसेवनास उत्तम. मटकी रूक्ष व ग्राही, म्हणून विबंध असलेल्यास अल्प. हुलगा उष्ण व कफवातहर, म्हणून स्थूल व कफप्रधान व्यक्तीस हितकर, परंतु अम्लपित्त व रक्तपित्तात वर्ज्य. वाल व चवळी केवळ दीप्ताग्नीस. राजमा मोड आणून कच्चा कधीही खाऊ नये, त्यातील विषारी घटक खळखळून उकळल्याखेरीज नष्ट होत नाही.

जल व काल : मूग ८ ते १० तास, मटकी १० ते १२ तास, हरभरा, हुलगा व मेथी १२ तास भिजवावी. पाणी टाकून, तीन वेळा धुऊन, स्वच्छ उकळून वाळवलेल्या सुती पंच्यात बांधावे. मूग-मटकीस आणखी १२ ते २४ तास, इतरांस २४ ते ३६ तास पुरतात. हिवाळ्यात यापेक्षा अधिक वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाण्याने धुवावे. मोड अर्धा ते एक सेंटीमीटर झाला की थांबावे. आंबूस वास आलेले वा चिकट झालेले मोड टाकून द्यावेत, त्यांची उसळ करून 'वाचवू' नयेत.

अग्नी व स्नेह : मोड शिजवून, किमानपक्षी चांगले वाफवून घ्यावेत. फोडणीस तूप वा घाण्याचे तेल, त्यात जिरे, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता व आले. ही केवळ रुचीची सामग्री नव्हे. हिंग, जिरे व आले वातानुलोमन व दीपन करतात, स्नेह रूक्षता घालवतो. महाराष्ट्राच्या उसळीची पारंपरिक कृती हीच विष्टंभावरची चिकित्सा आहे.

संयोग : शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, म्हणून लिंबू उसळ खाली उतरवल्यावर पिळावे. ते लोहाचे शोषण वाढवते. उसळ लोखंडी कढईत, आमसूल घालून केल्यास अन्नात लोहही उतरते, मात्र शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी. कांदा व लसूण यांचेही महत्त्व आहे. २०१० मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी प्रयोगशाळेतील परीक्षणात दाखवले की, कांदा व लसूण यांच्या संयोगाने धान्य व कडधान्यांतील लोह आणि जस्त यांची उपलब्धता वाढते. चाकणची बाजारपेठ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील कामगाराच्या ताटात उसळीसोबत कांदा असणे सहज शक्य आहे. मोडांच्या उसळीसोबत मांस-मत्स्य मात्र टाळावे.

राशि : एका व्यक्तीस मूठभर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याचे मोड एका वेळेस पुरेत. त्यांतून ७ ते ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी व ताकासह हा आहार पूर्ण होतो.

उपयोगसंस्था : उष्ण, ताजे, आधीचे अन्न जिरल्यावर व शक्यतो दिवसा सेवन करावे.

उपयोक्ता : गर्भिणी, बालक, वृद्ध, तसेच केमोथेरपी वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांना कच्चे मोड पूर्णतः वर्ज्य. ग्रहणी, अर्श, अम्लपित्त व आमावस्थेत मोडांऐवजी मुगाच्या डाळीचे यूष द्यावे. मूत्रपिंडविकारात तज्ज्ञांच्या सल्ल्याविना प्रमाण वाढवू नये. निरोगी व दीप्ताग्नी तरुणास कधीतरी मूठभर कच्चे मोड खायचेच असतील, तर ते घरचे, ताजे आणि निदान उकळत्या पाण्यातून काढलेले असावेत.

बालकांसाठी नाचणी

कामगार कुटुंबातील आई सहा महिन्यांनंतर बाळाला काय भरवावे हे विचारते, तेव्हा तयार डब्यांपूर्वी नाचणीच्या सत्त्वाचा विचार व्हावा. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळली की अग्निसंस्कार पूर्ण होतो, आणि ही लापशी शिजवूनच द्यायची असते. मोड येताना जागे झालेले अमायलेज पिष्ट तोडते, त्यामुळे लापशी पातळ राहते व तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. लहान पोटाच्या बाळास ही मोठीच सोय. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात याच तत्त्वावर अभ्यास झाले. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा आणखी एक लाभ.

उपसंहार

विरूढ धान्याबद्दल संहिता एक सांगते व आधुनिक शास्त्र दुसरे सांगते, असा विरोध वस्तुतः नाही. संहिता अग्निसंस्काराविना राहिलेल्या विरूढाचा दोष सांगते. आधुनिक शास्त्र मोडांतील गुण सांगते आणि कच्च्या सेवनाचा धोकाही सांगते. या दोहोंचा मेळ आपल्या घरच्या उसळीत आधीच साधलेला आहे.

वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती इतकीच की, औषधपत्रावर 'मोड आलेली कडधान्ये' एवढे तीन शब्द लिहून थांबू नये. कोणते धान्य, किती, शिजवून की कसे, कोणत्या वेळी, कशासोबत आणि चहापासून किती अंतराने, हे सर्व लिहावे. आपल्या परिसरातील कारखान्यांच्या उपाहारगृह व्यवस्थापकांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी रात्रपाळीसाठी उष्ण यूष व उसळ-भाकरी सुचवावी. खर्च फारसा वाढत नाही. पाळीच्या घड्याळावर ज्याचे जेवण चालते त्याला 'वेळेवर जेवा' हा उपदेश निरुपयोगी आहे. त्याला त्याच्या पाळीत पचेल असे अन्न सांगणे हे आपले कर्तव्य होय.